फ्लिंटलॉक पिस्तुलांच्या प्रतिकृती जमवताना: आधी मूळ पिस्तूल ओळखा

नाशिकच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांना फ्लिंटलॉक, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या ठासणीच्या पिस्तुलांच्या प्रतिकृती जमवायच्या आहेत. पुतण्या लंडनला असतो, तो येताना एखादे घेऊन येतो म्हणतो. पहिले कोणते घ्यावे, लायसन्स लागते का, जुन्या बाजारात ‘अस्सल’ म्हणून मिळणाऱ्या पिस्तुलांवर विश्वास ठेवावा का आणि आपल्या पावसाळ्यात हे सगळे सांभाळायचे कसे, असे त्यांनी विचारले आहे.

पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट करा. तुम्हाला कोणत्या मूळ पिस्तुलाची प्रतिकृती हवी आहे ते ठरवा आणि त्या मूळ पिस्तुलाची मापे, छायाचित्रे, त्यावरच्या खुणा एका वहीत उतरवा. प्रतिकृतीची योग्यता मुळाशी ती किती इमान राखते यावर ठरते, आणि मूळच माहीत नसेल तर इमान मोजणार कशावर? ‘पायरेट पिस्टल, अठरावे शतक’ एवढीच चिठ्ठी लावलेली वस्तू मी हातात घेतो, बघतो आणि परत ठेवतो. कोणत्या देशाचे, कोणत्या साली मंजूर झालेले, कोणत्या दलासाठी बनवलेले, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या वस्तूला देता येत नाहीत ती दिवाणखान्याच्या शोभेसाठी ठीक. संग्रहात तिला जागा देऊ नका.

दुसरे म्हणजे यंत्रणा नीट समजून घ्या, कारण चांगली आणि वाईट प्रतिकृती वेगळी पडते ती तिथेच. पिस्तुलाच्या उजव्या अंगाला एक लोखंडी पाटी बसवलेली असते. ती आणि तिच्या आतबाहेरची सगळी यंत्रणा मिळून लॉक. पाटीवर घोडा, घोड्याच्या जबड्यात चामड्यात किंवा शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळलेली गारगोटी. घोड्यासमोर काटकोनात वळलेला एक पोलादी तुकडा असतो, तो फ्रिझन. त्याचा उभा भाग गारगोटीचा मार खातो, आडवा भाग खालच्या प्यालीवर झाकण होऊन बसतो. प्यालीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू. चाप ओढला की घोडा झेपावतो, गारगोटी फ्रिझनच्या तोंडावरून खरडत खाली येते, त्याच धक्क्याने झाकण उघडते आणि ठिणग्या रंजकात पडतात. रंजकाची ज्वाला नळीच्या कानातून, म्हणजे बुडाजवळच्या बारीक भोकातून आत शिरते आणि बार उडतो.

यातली ठिणगी गारगोटीची नसते. गारगोटी पोलादाचे बारीक कण तासून काढते आणि ते कण हवेत जळतात. म्हणून फ्रिझनचे तोंड पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाचेच असावे लागते. जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेल्या प्रतिकृतीचा घोडा कितीही वेळा पाडा, ठिणगी पडणार नाही. तिच्यात तो दोष मानू नका. मात्र विकणारा ‘एकदम चालू आहे, ठिणगी पण पडते’ म्हणत असेल तर तुमच्या हातात पोलादी फ्रिझनची, म्हणजे कदाचित खरोखर उडणारी, बार काढणारी वस्तू आहे आणि कायद्याचा सगळा हिशेब बदलतो. त्याकडे पुढे येतो.

ही रचना फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्ज्वा या कारागिराच्या नावावर आहे, काळ साधारण १६१०. गारगोटी आणि पोलादाने बार पेटवणारी लॉक त्याआधीही होती. त्याने झाकण आणि पोलाद एकाच तुकड्यात ठेवून घोड्याच्या आतल्या चकतीला दोन खाचा दिल्या: एका खाचेत घोडा अर्धा चढून सुरक्षित राहतो, दुसऱ्या खाचेत पूर्ण चढतो. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले, त्यातून पुढे टोपीची बंदूक आली आणि १८४० च्या दशकापर्यंत युरोपातल्या मोठ्या फौजांनी गारगोटी सोडली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांचा काळ झाला. एवढ्या काळात लॉक वरवर तेच दिसले तरी बारकावे बदलत गेले, आणि संग्राहकाला कालनिर्णयासाठी हेच बारकावे उपयोगी पडतात. बारीक, बाकदार मानेचा घोडा की मानेत भोक ठेवून भक्कम केलेला घोडा? फ्रिझनच्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर छोटे चाक आहे का? चाक असेल तर लॉक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले किंवा त्यानंतरचे. सतराव्या शतकातले म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिकृतीवर असे चाक दिसले की बनवणाऱ्याने मूळ पाहिलेले नाही, हे समजून जा.

आता कोणते घ्यावे ते. माझे मत स्पष्ट आहे: सरकारी फौजांच्या पिस्तुलांपासून सुरुवात करा. सरदार-उमरावांसाठी बनलेली नक्षीदार पिस्तुले एकेकटी असतात, त्यांची प्रतिकृती बरोबर की चूक हे ठरवायला नमुना मिळत नाही. फौजेची पिस्तुले ठरलेल्या नमुन्यावर बनली, त्यांची मापे नोंदलेली आहेत आणि मूळ नग संग्रहालयांत आजही आहेत.

ब्रिटिश बाजूला दोन नमुने मनाजोगे आहेत. पहिले आरमारी पिस्तूल, सी सर्व्हिस. जुन्या लांब नमुन्याची नळी १२ इंचांची, नळीचा व्यास साधारण ०.५६ इंच, मुठीला जड पितळी टोपी आणि डाव्या अंगाला कमरपट्ट्यात अडकवायची लांब पोलादी पट्टी. खलाशी दुसऱ्या जहाजावर उडी मारायचा तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ती पट्टी, आणि एकदा बार उडाला की पुन्हा भरायला सवड नाही म्हणून मुठीची ती जड टोपी सोटा म्हणून वापरायला. दुसरे १८०२ चे न्यू लँड नमुन्याचे घोडदळाचे पिस्तूल: ९ इंचांची नळी, ०.६५ इंच व्यास, आणि गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची सळई, नळीच्या तोंडाशी बिजागरीने जोडलेला. घोड्यावर बसून बार भरताना गज हातातून निसटला तर शिपाई निकामी होतो, म्हणून हा उपाय. स्वस्त प्रतिकृतीत ही बिजागरी नुसती शोभेला ओतलेली असते, गज फिरत नाही. घेताना गज बाहेर ओढा, फिरवा, नळीत घालून बघा.

फ्रेंच पिस्तुलांवर माझा जीव आहे, म्हणून थोडे जास्त लिहितो. १७७७ चे फ्रेंच पिस्तूल दिसायला इतर सगळ्यांहून निराळे. नळीखाली लाकूडच नाही. लॉक, प्याली आणि नळीचे बूड एका पितळी चौकटीत बसवलेले, गज त्या चौकटीतच शिरतो आणि मूठ तेवढी लाकडी. व्यास १७.१ मिलिमीटर. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या सरकारने आपले पहिले लष्करी पिस्तूल कंत्राटाने बनवून घेतले ते याच फ्रेंच नमुन्यावरून. १७९९ मध्ये कनेक्टिकटमधल्या बर्लिनच्या नॉर्थ आणि चेनी यांना ५०० नगांचे कंत्राट मिळाले, पुढच्या वर्षी आणखी १,५०० नगांचे. ही सगळी नक्कलच होती, आणि आज त्या नकलेचे मूळ नग फ्रेंच मूळ नगांपेक्षा दुर्मिळ आहेत. प्रतिकृतीला कमी लेखणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो. नमुना समोर ठेवून हुबेहूब घडवणे हा शस्त्रकारागिरीचा जुना, प्रतिष्ठेचा भाग आहे.

नेपोलियनच्या काळातली दोन फ्रेंच पिस्तुले प्रतिकृतींत सहज मिळतात. त्यांची नावे फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगातल्या वर्षांवरून आहेत. नवव्या वर्षाचे जाँदार्म दलाचे, म्हणजे फ्रान्सच्या लष्करी पोलिसांचे पिस्तूल लहानखुरे, १५.२ मिलिमीटर व्यासाचे, कोटाच्या खिशात मावेल असे. तेराव्या वर्षाचे, म्हणजे १८०४-०५ चे घोडदळाचे पिस्तूल मोठे, १७.१ मिलिमीटरचे, नळीचे तोंड उघडे आणि लाकूड मध्येच एका रुंद पितळी पट्ट्याशी थांबलेले. नेपोलियनच्या घोडेस्वारांची चित्रे तुम्ही पाहिली असतील तर त्यातली बरीचशी पिस्तुले याच घराण्यातली.

अमेरिकन हवे असेल तर हार्पर्स फेरीचे १८०५ चे. सरकारी शस्त्रागारात बनलेले तिथले पहिले पिस्तूल. व्यास ०.५४ इंच, नळी साधारण १० इंच, आणि मूळ नग १८०६ ते १८०८ या सालांचेच. अमेरिकेच्या लष्करी पोलिसांच्या बिल्ल्यावर एकमेकांना छेद देणारी दोन पिस्तुले दिसतात, ती हीच. प्रतिकृतीच्या पाटीवर १८०५ असे साल कोरलेले असेल तर ते नमुन्याचे साल उचलून टाकले आहे. मूळ नगावर ते सापडत नाही.

द्वंद्वाची जोडपिस्तुले पेटीसकट सुंदर दिसतात आणि नव्या माणसाला मोह होतो. त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगतो, ती प्रतिकृतींच्या कामाची आहे. ११ जुलै १८०४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या वीहॉकन इथे अ‍ॅरन बर आणि अलेक्झांडर हॅमिल्टन या अमेरिकन राजकारण्यांचे द्वंद्व झाले, हॅमिल्टनला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. वापरलेली जोडी लंडनच्या वॉग्डन आणि बार्टन यांची, हॅमिल्टनच्या साडूची. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त तिच्या प्रतिकृती बनवायला पिस्तुले उघडली तेव्हा चापामागे हलक्या स्पर्शाने सुटणारी छुपी यंत्रणा असल्याचे उजेडात आले. पावणेदोनशे वर्षे ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मापे घेऊन, एकेक स्क्रू काढून नक्कल करणाऱ्याला जे दिसते ते काचेबाहेरून पाहणाऱ्याला दिसत नाही.

क्वीन अ‍ॅन पद्धतीच्या पिस्तुलांत नळी पेचाची असते. ती फिरवून काढायची, गोळी आणि दारू बुडाशी भरायची, नळी पुन्हा बसवायची. बऱ्याच प्रतिकृतींत ती उघडतच नाही. स्कॉटलंडमधल्या डून गावची संपूर्ण धातूची पिस्तुलेही मिळतात: मूठ मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली, चापाभोवती कडे नाही, चाप म्हणजे एक गोल मणी. ओतीव धातूच्या प्रतिकृतीला हे पिस्तूल विशेष साजते, कारण मुळातच लाकूड नाही.

आपल्याकडचे काय, असे तुम्ही विचारालच. मराठी फौजेत मुख्य भर तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या बंदुकीवर होता, पण महादजी शिंद्यांसाठी द बॉय्न्य या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणींपैकी तेलंगी पलटणींकडे गारगोटीच्या संगीनधारी बंदुका, म्हणजे पथरकला होत्या. पिस्तुलांत मात्र सगळ्यात देखणे देशी काम श्रीरंगपट्टणचे. टिपू सुलतानाच्या कारखान्यात बनलेल्या काही जोड्यांत एका पिस्तुलाचे लॉक उजवीकडे आणि दुसऱ्याचे डावीकडे आहे, आणि अंगावर टिपूचे वाघाचे पट्टे. त्यांची चांगली प्रतिकृती माझ्या पाहण्यात नाही. कुणी धातुकाम करणाऱ्याने ती मनावर घ्यावी, असे मला फार वाटते.

प्रतिकृती बनतात कुठे? शोभेच्या, न उडणाऱ्या प्रतिकृतींत स्पेनच्या मिनोर्का बेटावरचे डेनिक्स सगळ्यांना परिचित. जस्ताचा मिश्रधातू, लाकडी दस्ता, घोडा चढतो-पडतो, पण नळी बंद. उडणाऱ्या प्रतिकृतींत इटलीतल्या ब्रेशिया प्रांतातल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियाचे पेडरसोली, स्थापना १९५७. त्याच खोऱ्यात सोळाव्या शतकापासून बंदुकांच्या नळ्या बनत आल्या आहेत. १९६१ ते ६५ या काळात अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी साजरी झाली आणि जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींना तिथून मोठी मागणी आली, तेव्हा या खोऱ्याने ती उचलली. ठासणीच्या शस्त्रांच्या जागतिक नेमबाजी स्पर्धांत फ्लिंटलॉक पिस्तुलाच्या प्रकाराला ‘कोमिनाझो’ म्हणतात, तेही गार्दोनेच्याच एका नामांकित नळीकार घराण्यावरून. तिथे मूळ शस्त्र आणि प्रतिकृती यांचे गट वेगळे असतात, दोन्ही मानाने खेळले जातात.

भारतातही या वस्तू बनतात. देहरादूनच्या तलवारी आणि जुन्या धाटणीच्या बंदुका परदेशी ऐतिहासिक नाट्यप्रयोग करणाऱ्यांपर्यंत जातात. कारागिरांचा हात चांगला आहे. कमी पडतो तो नमुन्याचा अभ्यास. दस्ता हटकून जाड, कारण अक्रोडाऐवजी शिसव किंवा साग असतो आणि तो बारीक तासायचा धीर धरलेला नसतो. पितळी साज मात्र बहुधा खऱ्या पितळेचा, आणि हा मी मोठा गुण मानतो. युरोपच्या स्वस्त प्रतिकृतीत पितळेच्या जागी सोनेरी मुलामा असतो आणि तो मुठीच्या टोपीवरून सगळ्यात आधी उडतो.

वस्तू हातात आल्यावर मी कशाकडे बघतो ते सांगतो. आधी स्क्रू. अठराव्या शतकाच्या पिस्तुलाला अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू असूच शकत नाही. तो दिसला की वस्तू खाली. मग ओतकामाची शिवण: घोड्याच्या मानेवर, चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, साच्याच्या दोन भागांची रेघ लागते का बघा. चांगला कारागीर ती कानशीने काढतो. नंतर अक्षरे. कोरलेल्या किंवा ठशाने उठवलेल्या अक्षराला धार असते, ओतलेले अक्षर कडेला बोथट, साबणासारखे दिसते. शेवटी पिस्तूल एका बाजूने, डोळ्याच्या पातळीवर धरून मूळ छायाचित्राशी ताडून पाहा. घोडा नळीच्या मानाने लहान तर नाही? मुठीचा बाक बरोबर आहे? बहुतेक प्रतिकृती याच ठिकाणी फसतात, आणि एकदा नजर बसली की दहा पावलांवरून कळते.

नजर बसवायला संग्रहालयासारखी जागा नाही. पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईतले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा, हैदराबादचे सालारजंग, इथली शस्त्रदालने सावकाश पाहा. पुतण्या लंडनला आहेच, तर त्याला चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आणि वॉलेस कलेक्शनमध्ये पाठवा, दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य आहे. लीड्सच्या रॉयल आर्मरीजचा संग्रह मापांसह आणि छायाचित्रांसह इंटरनेटवर खुला आहे. तुमच्या वहीतली निम्मी पाने तिथूनच भरतील.

आता कायदा, आणि इथे मी काटेकोर आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू होतो. या कायद्यात फ्लिंटलॉक जुने म्हणून सुटत नाही. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे कोकणातल्या पीक संरक्षणाचे परवाने असलेल्या शेतकऱ्यांना चांगले ठाऊक आहे. कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की ते शस्त्र दुरुस्ती करूनही आणि न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखे नसावे. ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द महत्त्वाचे. पोलादी नळी आहे, फक्त कान पाडलेला नाही, अशा प्रतिकृतीत एक भोक पाडले की शस्त्र तयार होते. ती सुटीत बसते असे धरून चालू नका. आणि ते भोक तुम्ही स्वतः कधीही पाडू नका. नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करायला कलम ६ प्रमाणे परवाना लागतो, बिनपरवाना केले तर तो गुन्हा आहे. काळी दारू ही स्फोटकांच्या कायद्याखाली येते, तिच्या वाटेला जाऊ नका.

म्हणून नाशिकच्या संग्राहकाला माझा सल्ला: जस्ताच्या धातूची, बंद नळीची, न उडणारी प्रतिकृतीच घ्या, पावती आणि उत्पादकाचे माहितीपत्रक जपून ठेवा, आणि मोठा संग्रह करणार असाल तर शहरात पोलीस आयुक्तालयाच्या, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत लेखी विचारून उत्तर फाईलला लावा. पुतण्याने परस्पर सामानात घालून आणू नये. ब्रिटनमध्ये हुबेहूब नकली शस्त्रांच्या विक्रीवर २००६ च्या कायद्याने बंदी आहे, पण १८७० पूर्वीच्या धाटणीची शस्त्रे तिच्यातून वगळली आहेत, त्यामुळे न उडणारे फ्लिंटलॉक तिथे दुकानात सरळ मिळते. उडणाऱ्याला मात्र तिथेही पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. तिथे खरेदी कायदेशीर झाली म्हणजे इथल्या विमानतळावर ती कायदेशीर ठरते असे नाही. आधी विमान कंपनीला आणि इथल्या कस्टम्सला लेखी विचारायचे, होकार आला तरच आणायचे, आणि केबिनच्या सामानात तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना एवढेच सांगतो की तिथला केंद्रीय कायदा अशा प्रतिकृतींना बराच सैल असला तरी राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी विशेष चौकशी करावी.

जुन्या बाजारातल्या ‘अस्सल’ पिस्तुलांबद्दल. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात आणि राजस्थानच्या पर्यटनस्थळी टॉवर असे (लंडनच्या टॉवरमधल्या सरकारी शस्त्रागाराची खूण) कोरलेली, गंजलेली, वजनदार पिस्तुले मिळतात. ती बहुतेक नवी असतात, आम्लाने किंवा मातीत पुरून म्हातारी केलेली. एक खूण सांगतो. फौजेला शस्त्रे पुरवणाऱ्या ब्रिटिश ऑर्डनन्स बोर्डाने १७६४ पासून लॉकवर साल आणि कंत्राटदाराचे नाव घालणे बंद केले, मुकुटाची खूण आणि टॉवर हा शब्द तेवढे राहिले. तेव्हा टॉवरखाली १७९० किंवा १८१० असे साल असलेले गारगोटीचे पिस्तूल दिसले की संशय घ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर मात्र कारागिराचे नाव आणि साल सापडते. तिथे कंपनीची खूण पाहा: साधारण १८०८ पर्यंत चार भागांतले हृदयचिन्ह, त्यानंतर मागच्या पायांवर उभा सिंह. १८२० साल आणि हृदयचिन्ह एकाच पाटीवर असतील तर ठसे मारणाऱ्याला हा फरक ठाऊक नव्हता. आणि समजा, पिस्तूल खरोखर अस्सल निघाले, तर प्रश्न संपत नाही, वाढतो. ते उडण्याजोगे असेल तर परवाना, शंभर वर्षांहून जुने असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा, आणि ते देशाबाहेर पाठवायला मनाई. प्रतिकृतींच्या संग्राहकाने या वाटेला जाण्याची गरज नाही.

पावसाळ्याचे सांगतो. नाशिक कोकणाएवढे दमट नाही, तरी जून ते सप्टेंबर सावध राहा. जस्ताच्या प्रतिकृतीवर तांबडा गंज येत नाही, पण मुलाम्याखाली पांढरी भुकटी धरते आणि मुलामा फोडासारखा उचलतो. तो परत बसत नाही. त्यामुळे घामट हाताने हाताळू नका, सुती हातमोजे घाला, आणि पावसाळ्याआधी धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात फिरवा. पोलादी भाग असतील तर हलके यंत्रतेल, तेही पुसून घेतलेले. पितळेला चिंच, लिंबू, घासणीची भुकटी लावू नका. देवघरातली भांडी चकचकीत असावीत, पिस्तुलाच्या पितळेवरचा तपकिरी काळवट थर मात्र मौल्यवान आहे आणि तो एका सकाळीत निघून जातो. लाकडाला जवसाचे तेल वर्षातून एकदा, अगदी थोडे. चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायमचे ठेवू नका, चामडे ओल धरते आणि त्यातली रसायने धातू खातात. नव्या प्लायवूडच्या कपाटातूनही धातूला बाधणाऱ्या वाफा निघतात, ते काही महिने उघडे ठेवून मगच वापरा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळच्या वेळी वाळवा.

घोडा कधीही चढवून ठेवू नका, कमान मरते. आणि पाहुण्यांच्या मुलांना रिकामा घोडा पाडू देऊ नका. ओतीव जस्ताचा घोडा मानेतच तुटतो आणि तो सांधता येत नाही. घोडा दाखवायचाच असेल तर अंगठ्याने धरून हळू उतरवा. जबड्यात खऱ्या गारगोटीऐवजी लाकडाचा कापलेला तुकडा बसवला तर मुलाम्यावर ओरखडे येत नाहीत. खरी हवीच असेल तर इंग्लंडमधल्या ब्रँडनची काळी किंवा फ्रान्सची मधाच्या रंगाची गारगोटी त्या त्या देशाच्या पिस्तुलाला द्या. ब्रिटिश पिस्तुलात मधाळ फ्रेंच गारगोटी जाणकाराला लगेच खटकते.

राहिली नोंदवही. प्रत्येक नगासाठी एक पान: उत्पादक, खरेदीची तारीख, धातू, लांबी, वजन, नळीचा व्यास, आणि शेजारी मूळ पिस्तुलाची तीच मापे. फरक लाल शाईने लिहा. उत्पादकाचा ठसा, देशाचे नाव, इटालियन चाचणीचे शिक्के कितीही डोळ्यांत खुपले तरी घासून काढू नका. बाजारात फिरणारी कितीतरी बनावट ‘अस्सल’ पिस्तुले म्हणजे कुणीतरी ठसा घासलेल्या प्रामाणिक प्रतिकृती आहेत. मी तर प्रत्येक नगाच्या लॉकखालच्या लाकडात, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, बारीक टोचणीने ‘प्रतिकृती’ आणि साल कोरतो. संग्रह उद्या कुणाच्या हाती जाईल ते आपल्याला माहीत नसते, लॉक काढणाऱ्याला मात्र ते अक्षर दिसेल.

पहिली खरेदी म्हणून माझी पसंती तेराव्या वर्षाच्या फ्रेंच घोडदळी पिस्तुलाच्या न उडणाऱ्या प्रतिकृतीला. नमुना सोपा आहे, मापे सहज मिळतात, चूक लगेच दिसते. ती मिळाल्यावर एका बाजूने काढलेले, शेजारी पट्टी ठेवलेले छायाचित्र पाठवा, घोडा आणि मुठीचा बाक मी तपासून सांगेन.